छत्तीस गुण

माझ्या मुलीने आपले लग्न परस्पर जमवून माझी उन्हातान्हातली पायपीट वाचवली, असे मी मोठ्या कौतुकाने सांगत असे. ती वाचलेली सारी पायपीट गेल्या दिवाळीआधी मला व्याजासकट करावी लागली. निमित्त होते एक ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर यांचे लग्न.

त्याला कारण झाली एक कॅसेट. १९७८ साली गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत घरगुती बैठक झाली होती. गाणारे आमचे बाबा. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून संध्याकाळी यमनात विसावणारे गृहस्थ. मागे तंबोऱ्यावर आई. शेजाऱ्यांच्या टेपरेकॉर्डरवर ती बैठक उतरली आणि पुढे चाळीसएक वर्षे ट्रंकेत पडून राहिली. पुतण्याने ती संगणकात घेऊन माझ्या मोबाइलवर पाठवली, तेव्हा बाबांना जाऊन वीस वर्षे झाली होती.

आईचे वय ८६. मोबाइल कानाशी धरून तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, "ह्यांचाच आवाज. पण माझा तंबोरा कुठाय रे?"

आता मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्ज यायचा कुठून? त्याच क्षणी मी प्रतिज्ञा केली. सौभाग्यवतींनी अंदाजपत्रक मंजूर केले. "अहो, १५,००० रुपये. वायरी धरून!"

मी लॅमिंग्टन रोड गाठला. त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग असले, तरी रेडिओ-ॲम्प्लिफायरच्या शोधात निघालेला मुंबईकर लॅमिंग्टन रोडच म्हणतो. पहिल्याच दुकानात एका तरुणाने चकचकीत खोके पुढे केले. "काका, २,००० वॉट, पीएमपीओ!"

२,००० वॉट म्हणजे आमच्या न्हाणीघरातला गीझर. त्याला जाड पिनांचा वेगळा प्लग लागतो. हे खोके मात्र टेबलावरच्या दिव्याच्या प्लगवर गात होते! तेव्हा मंडळी, हा पहिला धडा ध्यानात ठेवा. पीएमपीओ म्हणजे मध्यस्थाने सांगितलेला मुलाचा पगार, आणि आरएमएस म्हणजे महिन्याला हातात पडणारा. चौकशी करायची ती दुसऱ्याची.

दुसरा धडा स्पीकरचा. एक वॉट दिला असता एक मीटरवर स्पीकर किती आवाज देतो, ते डेसिबलमध्ये लिहिलेले असते. एक स्पीकर ८६ चा, दुसरा ८९ चा. फरक तिनाचाच दिसतो. पण तेवढाच आवाज काढायला पहिल्याला दुप्पट वॉट लागतात. उलट, तुम्ही वॉट दुप्पट केलेत तर कानाला फरक पडतो तो बेताचाच. आवाज दुप्पट वाटायला वॉट सुमारे दहापट हवेत! म्हणजे २५ वॉट की ५० वॉट, यावर रात्र जागवण्यात अर्थ नाही. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत घरगुती ऐकण्याला सरासरी एखादा वॉट पुरतो. बाकीचे तानेच्या उसळीसाठी गाठीला असावेत. कारण ताकदीबाहेर ताणलेला ॲम्प्लिफायर आवाजाची शिखरे छाटतो, कर्कश होतो आणि उंच स्वरांचा नाजूक स्पीकर जाळूही शकतो.

तिसरा प्रश्न नाडीचा. पत्रिकेच्या छत्तीस गुणांत एकट्या नाडीला आठ गुण, आणि गंमत अशी की इथेही आकडा आठच! आठ ओहमचा स्पीकर शांत स्वभावाचा. चार ओहमचा त्याच व्होल्टेजला दुप्पट प्रवाह ओढतो. ॲम्प्लिफायर त्याला राजी असेल तर संसार सुखाचा. नसेल तर बिचारा तापतो आणि एक दिवस मान टाकतो. तो राजी आहे की नाही, हे बहुधा त्याच्या पाठीवरच छापलेले असते. आपल्याला मेलीला पाठ पाहायची सवय नसते.

अखेर १०,००० चे स्पीकर, ४,००० चा पानाच्या डब्याएवढा ॲम्प्लिफायर आणि उरलेल्यांत वायरी, असे कार्य पार पडले. रविवारी मी स्पीकर मांडले. कोपऱ्यात खर्ज उगीच फुगतो, म्हणून भिंतीपासून थोडे पुढे. दोन स्पीकर आणि आईची खुर्ची यांचा त्रिकोण दोरीने मोजला. बाबांचा षड्ज लागला. सगळे "वा!" म्हणाले.

आई म्हणाली, "तंबोरा अजून नाही आला."

पंधरवड्याची पायपीट माझ्या पायांतून डोक्यात चढली. "आई, तुला ऐकूच येत नाही, त्याला मी काय करू?" मी बोलून गेलो. ती काहीच बोलली नाही. पदर सावरून आत गेली.

रात्री झोप लागेना. उठून बॅटरीच्या उजेडात स्पीकरची पाठ पाहिली. डावीकडे लाल वायर काळ्या खुंटीला आणि काळी लालला! उजवा पडदा पुढे यायचा तेव्हा डावा मागे जायचा आणि दोघे मिळून खालचे स्वर गिळून टाकायचे. म्हातारपणी कान मंदावतात ते आधी उंच स्वरांना. खालचे स्वर मागाहून जातात, हे मी कुठेतरी वाचलेही होते. म्हणजे तंबोरा नाही, हे फक्त आईलाच ऐकू आले होते. आम्हा धडधाकट कानवाल्यांना ते कळलेदेखील नव्हते.

सकाळी वायरी बदलल्या आणि आईला हाताला धरून खुर्चीवर बसवले. बाबा सुरू व्हायच्या आधीच खोलीभर खर्ज पसरला. आईची बोटे खुर्चीच्या हातावर हलू लागली. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज.

"पंचमाची तार त्या दिवशी जरा उतरली होती," ती म्हणाली. "ह्यांनी गाता गाता मागे वळून पाहिले होते."

"आई, काल मी..." मी सुरुवात केली. "वायर उलटी लागली होती. चूक माझीच होती."

"असू दे रे," ती डोळे मिटूनच म्हणाली. "आता दुसरी बाजू लाव."