नवी गाडी, पहिले पाचशे किलोमीटर : पिंपरी ते नाणेघाट

नवी गाडी दारात आली की आपल्या वस्तीत काय होते, ते वाचकांना सांगायला नको. हार येतो, पेढे येतात, शेजारची पोरे आळीपाळीने सीटवर बसून घेतात, म्हातारी माणसे गाडीवरून हात फिरवून ‘किती पडली?’ म्हणून विचारतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचा मालक कामावर निघून जातो. गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका मात्र प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही येत नाही. कपाटात, विम्याच्या कागदाखाली, ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहते.

आपल्या घरात दुचाकी ही चैनीची वस्तू नाही. ती पोटापाण्याची वस्तू आहे. पतपेढीचे कर्ज, दरमहा हप्ता, आणि त्या गाडीवर बसणारा बहुधा घरातला एकटा कमावता माणूस. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट नव्हते म्हणून गेलेल्यांचा आकडा ५०,०२९, आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. या आकड्यांमागे किती घरे असतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आमच्या भाच्याने या हिवाळ्यात १२५ सीसीची मोटारसायकल हप्त्यावर घेतली. घरोघर पार्सल पोहोचवण्याचे काम त्याला मिळाले होते. म्हणजे रोजचे शंभर किलोमीटर तरी होणार. काम सुरू व्हायला आठ-दहा दिवस अवकाश होता. आम्ही म्हटले, ‘अरे, तेवढ्यात गाडी नीट मुरवून घे. शहरातल्या सिग्नलवर नुसती रखडत राहिली तर ती मुरायची नाही.’ पहिले शंभर-सव्वाशे किलोमीटर त्याने पिंपरी-चिंचवडातच हळूहळू फिरवली. नव्या टायरचा गुळगुळीतपणा जायला आणि नवे ब्रेक नीट बसायला तेवढे अंतर लागतेच. तोवर वळणावर गाडी फार कलती करायची नाही आणि पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवायचे. मग एका रविवारी आम्ही दोघांनी नाणेघाट गाठायचे ठरवले. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास.

गाडी मुरते म्हणजे काय?

नवे इंजिन डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बारीक रेघा असतात. पिस्टनवरच्या रिंगा त्या भिंतीवर घासत घासत एकमेकींना जुळतात. ही जुळणी पहिल्या काही शे किलोमीटरांत होते. त्या काळात गाडी जोरात पिटाळली तर उष्णता वाढते आणि घासण्याऐवजी ओरखडे पडतात. पुढे इंजिन तेल खाऊ लागते, सरासरी घसरते. उलट सारखी एकाच संथ वेगाने चालवली, तर रिंगा भिंतीला नीट बसत नाहीत. म्हणून वेग मध्यम ठेवायचा, पण तो सतत थोडा कमी-जास्त करायचा. चढावर वरच्या गियरमध्ये गाडी कण्हत ओढायची नाही, वेळेवर गियर खाली घ्यायचा. बहुतेक पुस्तिकांत ५०० ते १००० किलोमीटरपर्यंत ही काळजी सांगितलेली असते. आपल्या गाडीचा आकडा आपल्या पुस्तिकेत पाहावा.

जुन्या दोन-स्ट्रोक स्कूटरच्या काळी पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे आणि लोक चाळिशीच्या पुढे काटा जाऊ देत नसत. आजची इंजिने पुष्कळ सुबक बनतात. म्हणून काही तरुण म्हणतात, आता याची गरज नाही. पण गाडी बनवणारेच पुस्तिकेत ती सूचना अजून छापतात. मग शहाणपण कोणाचे मानायचे?

पाच बोटांची तपासणी

निघण्याआधी आदल्या संध्याकाळी आम्ही भाच्याला एका हाताच्या पाच बोटांवर तपासणी शिकवली. ती कोणत्याही घरात कोणालाही करता येते, आणि पाच मिनिटांत होते.

अंगठा म्हणजे हवा. टायर थंड असताना हवा मोजायची. बहुतेक १००-१२५ सीसी गाड्यांना पुढे २५ आणि मागे २८ पौंडांच्या आसपास लागते, मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात आणखी. नेमका आकडा पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या चिकटपट्टीवर असतो. या गाडीच्या मागच्या चाकात ४० निघाली! शोरूममधून गाडी आली म्हणजे सगळे बरोबरच असणार, असे धरून चालू नये.

तर्जनी म्हणजे ब्रेक. पुढचा आणि मागचा वेगवेगळा दाबून गाडी ढकलून पाहायची. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी जोडव्यवस्था किंवा एबीएस असते, आणि त्यापेक्षा मोठ्या गाड्यांना एबीएस. तरी दोन्ही ब्रेक वापरायची सवय मोडू नये.

मधले बोट म्हणजे दिवे. येथेच आम्ही अडखळलो. पायाचा ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागे, हाताचा दाबला की लागत नसे. नव्या कोऱ्या गाडीचा स्विचचा जोड सैल! शोरूमवाल्यांनी दोन मिनिटांत तो बसवून दिला. पण तपासलेच नसते तर? महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकला ही गाडी थांबते आहे हे कळलेच नसते. मागे भिंत असेल अशा जागी संध्याकाळी गाडी उभी केली, की लाल उजेड भिंतीवर पडतो. एकट्या माणसालाही हे पाहता येते.

अनामिका म्हणजे तेल. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करायची. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करायचे आणि तितकाच वेळ थांबायचे. मग पट्टी काढून पुसायची, पुन्हा आत घालून पाहायची. दोन खुणांच्या मध्ये तेल हवे. पट्टी आत पिळून पाहायची की नुसती टेकवायची, हे गाडीगणिक वेगळे असते. पुस्तिका पाहावी.

करंगळी म्हणजे चेन आणि नटबोल्ट. चेन बोटाने वर-खाली हलवून तिचा ढिलेपणा पाहायचा. नवी चेन पहिल्या काही दिवसांत ओढली जाते. आरसे, हँडल, चाकांचे नट, नंबरपट्टी हलवून पाहायची. आमच्या गाडीचा डावा आरसा वाऱ्याने फिरेल इतका सैल होता.

पाच नद्यांचा रस्ता

सकाळी सहाला निघालो. थंडीत गाडी सुरू केली की लगेच पिळायची नाही. अर्धा-एक मिनिट चालू ठेवून हळूच निघायचे. मोशीला इंद्रायणी ओलांडली आणि चाकण आले. चाकणचा कांदा बाजार जुना. आता मात्र येथे दुचाकीपासून मोठ्या मोटारींपर्यंतचे कारखाने उभे आहेत, आणि नव्या गाड्यांनी भरलेले लांबलचक ट्रेलर रस्त्याच्या कडेला ओळीने उभे असतात. भाचा म्हणाला, ‘मामा, गाडी माहेरी आली म्हणायची!’

राजगुरुनगरला भीमा. हुतात्मा शिवराम हरी राजगुरूंचे हे गाव. तेथे पहिला थांबा घेतला. चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर नव्या गाडीला दहा-पंधरा मिनिटे विसावा द्यावा. चहा झाला, आणि पुन्हा पाच बोटे मोजली. तेल कोठे झिरपते का, हेही खाली वाकून पाहिले. पुढे मोकळा रस्ता लागला तशी भाच्याच्या हाताला खाज सुटली. ‘मामा, एकदाच ऐंशी पाहू का?’ आम्ही म्हटले, ‘हप्ता किती महिने आहे?’ तो हसला आणि काटा पन्नासवर आला.

मंचरजवळ घोड नदी, नारायणगावला मीना. नारायणगाव म्हणजे टोमॅटोचा बाजार आणि तमाशाची पंढरी. शेजारी खोडदला ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणींचा प्रचंड पसारा आहे. परिसरात अशा ३० अँटेना आहेत. तेथून आम्ही डावीकडे वळून जुन्नरला, कुकडीच्या काठी, आलो.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत लेणीच लेणी. लेण्याद्रीच्या सुमारे ३०० पायऱ्या चढून आम्ही चैत्यगृह पाहिले. जुन्नरच्या शिलालेखांत राजांपेक्षा साध्या माणसांचीच दाने जास्त दिसतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्या काळच्या संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची टाकी दिल्याचा लेख आहे. बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचेही उल्लेख आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कष्टकरी आणि व्यापारी एकत्र येऊन पैसा उभा करीत होते. पतपेढीच्या कर्जावर आलेली आमची गाडी खाली उभी होती. तिला हे ऐकून बरेच वाटले असेल!

जुन्नरहून नाणेघाट तीस-पस्तीस किलोमीटर. रस्ता अरुंद, वळणावळणाचा, चढ-उताराचा. नवे इंजिन मुरवायला याहून चांगला रस्ता नाही. गियर सारखे बदलतात, वेग आपोआप कमी-जास्त होतो, आणि उतारावर गियरमध्येच गाडी आवरता येते. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे लोक आपला जीव खर्ची टाकतात.

नाणेघाट म्हणजे सातवाहनांच्या काळचा, देशावरून कोकणच्या बंदरांकडे उतरणारा, खडक फोडून केलेला रस्ता. वर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात गायी, घोडे, हत्ती, नाणी यांच्या दानांचे आकडे कोरले आहेत, आणि भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत हे अंक मोडतात. आम्ही कारकुनी करणारी माणसे. दगडावरचा हिशेब पाहून तेथून हलवेना. बैल आणि गाढवे लादून हा घाट उतरणारे लोकही आधी नाल, दोर आणि ओझ्याचा तोल तपासत असतीलच. न तपासता येथून खाली उतरण्याची ही जागा नव्हे.

परत आल्यावर

रात्री घरी आलो तेव्हा काट्यावर साडेतीनशे किलोमीटर झाले होते. पहिली सर्व्हिसिंग पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा दिवसांना, जे आधी येईल तेव्हा करून घ्यावी. नव्या इंजिनची धातूची बारीक कीस पहिल्या तेलात उतरते, म्हणून ते तेल बदलणे महत्त्वाचे. ‘गाडी चांगली चालते आहे, मग कशाला?’ म्हणून ही सर्व्हिसिंग टाळू नये. चेन ताणून घ्यावी, ब्रेक पाहून घ्यावेत. विजेच्या गाडीला इंजिन मुरवायचे नसते, पण टायर, ब्रेक, दिवे आणि नट तिलाही आहेतच.

कागदही तपासावेत. नोंदणी, विमा, परवाना हे सरकारी मोबाइल अ‍ॅपवर ठेवले तरी चालतात. धुराचा दाखला नव्या गाडीला वर्षभरानंतर लागतो, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. हेल्मेट दोन घ्यावीत, आयएसआय शिक्का पाहून, आणि पट्टा हनुवटीखाली लावूनच. मागे बसणारी आपली बायको असते, आई असते, मुलगी असते.

आता भाचा कामावर जातो. गाडी काढण्याआधी त्याची आई दारात उभी राहून हाताची पाच बोटे दाखवते. तो कंटाळतो, हसतो, पण वाकून हवा पाहतो. वाचकहो, आपल्या घरातूनही कोणी गाडीवर निघत असेल, तर त्याच्यासाठी एवढी पाच मिनिटे जरूर काढा.