पाण्यात नव्हे, पाण्याबाहेर

आमच्या नवजात कक्षाच्या दाराशी सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न वजनाचा, आणि त्याच्या खालोखाल आंघोळीचा. ‘सिस्टर, अजून न्हाऊ घातलं नाही?’ पायांवर घेऊन, डाळीच्या पिठानं चोळून, ऊन ऊन पाणी ओतल्याशिवाय बाळ अंग धरत नाही, हे आजींनी आयुष्यभर पाहिलेलं. ‘आजी, बाळ दोन महिने आधी आलंय. त्याला पाणी नाही बाधायचं, पाण्यानंतरची हवा बाधेल,’ मी सांगते.

37 आठवडे भरायच्या आत जन्मलेल्या बाळाची कातडी पातळ, अंगावर चरबी जेमतेम. कुडकुडून ऊब आणणं त्याला जमत नाही. त्याऐवजी जी तपकिरी चरबी जाळायची, ती गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत साठते. ते महिने याच्या वाट्याला आलेलेच नसतात. ओल्या अंगावरचं पाणी उडून जाताना ऊब घेऊन जातं. मग ती भरून काढण्यासाठी बाळ जास्त ऑक्सिजन आणि साखर खर्च करतं. साखर उतरते, श्वास मधेच थांबू लागतो. जन्मानंतर निदान 24 तास आंघोळ नको, असं जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच बाळांसाठी सांगते. कमी दिवसांच्या बाळाच्या बाबतीत आम्ही त्याहून बरंच थांबतो. ऑक्सिजन सुटलेला, सलाईनची सुई निघालेली आणि तापमान स्थिर झालेलं असलं, की मगच डॉक्टर हो म्हणतात.

त्या दिवशी एसी बंद, दार लोटलेलं, वॉर्मर आधीच चालू आणि त्याखाली कोरडे टॉवेल तापत ठेवलेले. टबातलं पाणी 37 ते 38 अंश. कोपर बुडवून पाहायची सवय सुटत नाही, पण खरं मानायचं ते थर्मामीटरचं. हातपाय पोटाशी घेऊन बाळाला सुती कापडात सैलसर गुंडाळायचं आणि पायांकडून सावकाश खांद्यापर्यंत पाण्यात सोडायचं. मान माझ्या तळहातावर. मग एकेक हात, एकेक पाय कापडाबाहेर काढून धुवायचा आणि परत झाकायचा.

उघडं बाळ पाण्यात सोडलं की दचकतं, हात फेकतं, रडतं. ठोके चढतात, रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण घसरतं. गुंडाळलेल्या बाळाचं तसं होत नाही. आधी कपाळावरची आठी जाते, मग आवळलेली मूठ एकेक बोट करत सुटते. तेवढा वेळ माझं लक्ष ओठांच्या रंगावर आणि छातीच्या हालचालीवर. ओठ जरा निळसर वाटले की आंघोळ तिथेच थांबवायची.

ओल्या फडक्यानं पुसणं सौम्य वाटतं खरं, पण त्यात उघडं अंग जास्त गारठतं. गुंडाळून टबात घातलेल्या बाळाचं तापमान त्यामानानं कमी उतरतं, हे तुलना करून पाहिलेलं आहे. ब्राझीलमधल्या काही नवजात कक्षांत तर कोमट पाण्याचा उपचार म्हणूनच वापर झाला. तिथे बाळांच्या वेदनेच्या खुणा कमी झाल्या, झोप सुधारली. पण हे अभ्यास थोड्याच बाळांवरचे. पाण्यानं बाळ शांत होतं एवढं मी म्हणेन. वजन वाढतं, आजार टळतो, असं नाही म्हणणार.

खरी कसोटी बाळाला उचलतानाची. ओलं कापड टबातच सोडायचं, बाळ थेट तापलेल्या टॉवेलात. डोकं आधी पुसायचं, कारण एवढ्याशा देहात डोक्याचाच पसारा मोठा. टोपी घालायची, ठोके मोजणारा प्रोब लावायचा. ठोके 120 ते 160, श्वास मिनिटाला 40 ते 60, काखेतलं तापमान 36.5 च्या वर, हे आकडे जुळले की बाळ आईच्या उघड्या छातीवर. 1978 मध्ये बोगोटात डॉक्टर एडगर रे यांनी इन्क्युबेटरच्या टंचाईतून सुरू केलेली ही कांगारू पद्धत आज जगभर आहे. पाण्याची ऊब काही मिनिटांची, आईची दिवसभर पुरते.

आजींचंही एक बरोबर होतं. दारं लावून न्हाऊ घालायचं आणि लगेच पुसून गुंडाळायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेगडीचा आणि धुरीचा धूर मात्र या कोवळ्या फुप्फुसांना नकोच. घरी पहिली आंघोळ कधी घालायची, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आंघोळीनंतर बाळाचे तळपाय चाचपा. गार लागले तर लगेच छातीशी घ्या. तरीही ऊब आली नाही, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.