झाडाला वार कळतो का?

हे वाक्य माझं. तेहतीस वर्षं कळंब तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं, आणि श्रावण लागला की आठवीच्या वर्गात हे वाक्य हमखास यायचं. "सोमवारी बेल तोडायचा नाही म्हणे. का रे बाबांनो? झाडाला वार कळतो का?" पोरं खदखदून हसायची. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, "सर, कॅलेंडर टांगा की झाडाला!" पुन्हा हशा. तास मजेत जायचा.

बेलाशी माझं वैर नव्हतं, उलट लळाच होता. बेलाचं पान खिडकीच्या उजेडात धरायला लावायचो. पानभर सुईनं टोचल्यासारखे बारीक चमकते ठिपके दिसतात, त्या तेलाच्या ग्रंथी. मग लिंबाचं पान धरा, कढीपत्ता धरा, कवठाचं धरा. तेच ठिपके. पोरांना पटायचं की ही सगळी एका कुळातली भावंडं. आणि बेलाचं त्रिदळ म्हणजे तीन पानं नव्हेत, एकाच पानाच्या तीन पर्णिका, हे सांगताना मला विशेष आनंद व्हायचा. देवाला आपण तीन पानं वाहतो असं समजणाऱ्यांची चूक काढल्याचा आनंद. आता कबूल करायला हरकत नाही.

राग होता तो ओरबाडण्याचा. एका श्रावणात शाळेची सहल येडशीच्या रामलिंगाला नेली होती. दरीतलं ते देऊळ, पावसाळ्यात वाहणारा ओढा, माकडांचा उच्छाद, जटायूची गोष्ट, सगळं पोरांना आवडलं. मला दिसली ती बेलाच्या पानांची रास. ओली, तुडवलेली, मोरीत कुजत पडलेली. कोवळ्या फांद्याच्या फांद्या मोडून आणलेल्या. तिथंच माझं मत पक्कं झालं की भक्तीच या झाडाच्या मुळावर उठली आहे. बेलाला वाचवायचं तर देवापासून वाचवलं पाहिजे. हे मी वर्गात बोललो, गॅदरिंगला बोललो, घरात बायकोशी तर दर सोमवारी बोललो. ती बिचारी एक त्रिदळ पिंडीवर ठेवून शांतपणे म्हणायची, "अहो, चहा घ्या."

निवृत्त झाल्यावर रिकामपण अंगावर येतं. मी शिवारातली झाडं वहीत टिपायला लागलो. मांजरा नदीकाठचं आमचं गाव, दोन वेशी, दोन मोठ्या पाणंदी. लहानपणी पाठ होतं त्याप्रमाणे गावात पाच बेल आणि अकरा कवठं. कवठांना नावंसुद्धा होती. ओढ्याचं, पाटलाच्या बांधाचं, गोडं, तुरट, भुताचं. वही घेऊन दोन महिने फिरलो. बेल सापडले चार. कवठ सापडलं एक, भुताचं.

वही मिटून बांधावर बसलो. जे झाड माझ्या मते भक्तांनी ओरबाडून संपवलं होतं, ते पाचांपैकी चार उभं. आणि ज्याला वर्षभर कोणी बोटही लावत नाही, ते अकरातलं एक.

कवठं कशी गेली ते मग एकेकाला विचारलं. कळली तेवढी सांगतो. वाटणीत भावाभावांचा बांध झाला आणि फळं कोणाची यावर तंटा नको म्हणून पाटलाच्या बांधाचं तोडलं. सावटाखाली सोयाबीन येत नाही म्हणून दोन. पाणंद रुंद करताना जेसीबीनं तीन. विहिरीच्या खोदाईत एक. कोणीही दुष्टपणानं तोडलेलं नाही. कवठाची बाजू घ्यायला कोणी आलं नाही, एवढंच. रामलिंगाच्या देवळाभोवतीच्या त्या येडशीच्या अभयारण्यात, जेमतेम बावीस चौरस किलोमीटरच्या त्या रानात, 2024 च्या अखेरीस थेट विदर्भातल्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ दिसला. वाघाला आमच्या जिल्ह्यात जागा सापडली. कवठाला बांधावर सापडत नाही.

कवठाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही. पिकलं की नाही हे दिसून कळत नाही. कवच दोन्ही वेळी तसंच, राखाडी, खरबरीत. आम्ही ते फूटभर उंचीवरून फरशीवर सोडायचो. उसळलं तर कच्चं. धप्प करून जागीच बसलं तर पक्कं. मग पत्र्यावर उन्हात ठेवायचं. शिवरात्रीला आई दगडावर आपटून फोडायची, आतला तपकिरी गर बोटानं काढून गुळात कालवायची, वर जिरं-मीठ. बियांसकट चावायची ती चटणी. घरभर आंबूस वास. आंब्यासारखं राजेपण त्याच्यात नाही, आणि रोपापासून फळ धरायला पंधरा-पंधरा वर्षं घेतं. कोण लावणार? आता शिवरात्रीला कवठ मी बाजारातून विकत आणतो.

आता बेल का टिकला? "देवाचं झाड म्हणून" असं उत्तर गावात सगळे देतात. ते मला पटलं नाही, अजूनही पुरतं पटलेलं नाही. देवाची म्हणून कितीतरी झाडं गेली आहेत. उत्तर मिळालं ते देवळाच्या गुरवाकडून. गाव त्यांना तात्या म्हणायचं. पूर्वी गुरवाचं काम काय? पूजा-नैवेद्य हे झालंच, पण श्रावणात घरोघर बेल पोचवायचा आणि कार्याला पत्रावळी द्यायच्या. त्याबद्दल सुगीला बलुतं मिळायचं. म्हणजे बेलाचं झाड हे गुरवाच्या घरचं दुभतं जनावर होतं. तात्या सांगत होते, "गुरुजी, माझा बाप फांदी मोडणाऱ्याच्या अंगावर धावून जायचा. चिमटीनं खुडायचं. शेंडा ठेवायचा. शेंडा गेला तर पुढल्या वर्षी मी खायचं काय?"

आणि मग ते वारांचं. सोमवारी बेल तोडायचा नाही. चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशीला नाही, अमावस्येला नाही, संक्रांतीला नाही. वर बेल शिळा होत नाही. कालचा आज चालतो, वाहिलेलाही धुऊन पुन्हा वाहता येतो. हे मला सगळं ठाऊक होतं, चेष्टेसाठीच ठाऊक होतं. पण त्या दिवशी घरी येऊन विज्ञानाच्या मास्तरानं कॅलेंडर घेऊन हिशेब मांडला. वार आणि तिथी एकावर एक आलेल्या वजा केल्या तरी महिन्यातले बारा-एक दिवस झाडाला सुट्टी. आणि ज्या दिवशी मागणी सर्वांत जास्त, नेमक्या त्या दिवशी तोडणी बंद! मच्छीमारांना पावसाळ्यात बंदी असते, ती मी पोरांना कौतुकानं शिकवत होतो. हीही बंदीच की.

शास्त्र लिहिणाऱ्यांनी पर्यावरण डोळ्यांपुढे ठेवून हे नियम केले असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे निरोप मला मोबाइलवर रोज येतात आणि मी ते रोज पुसतो. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांना माहीत. पण नियम पाळला गेला तेव्हा झाडाला काय मिळत होतं, हे बघायचं काम माझं होतं, आणि मी ते न बघता तेहतीस वर्षं हशा मिळवला. उलट आता तालुक्याला सोमवारी पहाटे पिकअपमधून बेलाच्या मोळ्या उतरतात. त्या फांद्या तोडणारा पोरगा त्याच दिवशी, त्याच पहाटे तोडतो. नियम मोडणाऱ्यांत माझ्या वर्गातून शिकून गेलेले किती, हे मी मोजलेलं नाही.

खरी कबुली मात्र पुढेच आहे.

पाचांतला जो बेल गेला, तो घालवला कोणी? मी. 2017 साली देवळाच्या समितीवर मला घेतलं. आवारात चिखल होतो, बायकांना फेऱ्या घालता येत नाहीत, म्हणून पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं. पुढाकार माझा. अगदी बेलाच्या बुंध्यापर्यंत लाल-करडी नक्षी. तात्या काठी टेकत आले आणि म्हणाले, "गुरुजी, बुडाला जागा ठेवा. याची पिल्लं कुठनं निघायची?" बेलाच्या मुळांतून फुटवे येतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. मी म्हणालो, "तात्या, देवळात झाडोरा वाढवायचाय का?" सगळे हसले. तीन उन्हाळ्यांत झाड शेंड्याकडून वाळत आलं. चौथ्या वर्षी पालवी फुटली नाही. ओरबाडून नाही, भक्तीनं नाही. स्वच्छतेनं मेलं. मला कोणी काही बोललं नाही, तात्यासुद्धा.

त्या झाडाची शेवटची फळं अजून आठवतात. बेलाचं फळ बहर लागल्यापासून पिकायला दहा-अकरा महिने घेतं. उत्तरेत उन्हाळ्यात त्याचं सरबत घरोघर होतं, नेपाळात नेवार लोक लहान मुलींचं लग्नच बेलफळाशी लावतात. आमच्याकडे पानाला मान आणि फळ पायदळी. मी एक उचलून दगडावर फोडलं. आत केशरी गर, घमघमता वास, आणि बियांभोवती तो पारदर्शक चिकट डिंक. लहानपणी आम्ही त्यानं वह्यांचे पुठ्ठे चिकटवायचो. कोवळ्या फळाच्या चकत्या आजी वाळवून ठेवायची, बेलकाचरी. कोणाचं पोट बिघडलं की डबा निघायचा. तो डिंक त्या दिवशी बोटांना लागला तो संध्याकाळपर्यंत निघाला नाही.

मागच्या वर्षी दोन पोरं आणि एक पहार घेऊन उरलेल्या बेलांपैकी ज्याच्याभोवती ब्लॉक होते तिथले तीन हात मोकळे केले. समितीत कुरकुर झाली. आधी मी गोध्र्याच्या संशोधन केंद्रात निवडलेली गोमा यशी जात आणणार होतो, बुटकी, बिनकाट्याची, पातळ कवचाची. पण पहिल्याच पावसानंतर मोकळ्या मातीतून बोटभर उंचीचे दोन फुटवे वर आले, काटे आत्तापासूनच रोखून. रोपाचा विचार बारगळला.

गेल्या श्रावणात सोमवारी सकाळी फाटकाशी मोटारसायकल थांबली. माझाच जुना विद्यार्थी, आता त्याचीच पोरगी आठवीत आहे. बाजारातला बेल संपला म्हणून देवळाच्या झाडाचा तोडू का, विचारायला आला होता. मी नको म्हणालो. तो गालातल्या गालात हसला. "सर, झाडाला वार कळतो का?"

"नाही कळत," मी म्हणालो. "थांब जरा." आणि आत जाऊन रविवारी संध्याकाळी खुडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली अकरा पानं त्याला आणून दिली. त्यानं ती मोजली.