सही करण्याआधी

वन्सं, म्हणजे माझी नणंद, हिचं लग्न ठरलं आणि मांडव, जेवण, सजावट सारं एकाच कंपनीवर सोपवलं. चार पानी करारावर ह्यांनी न वाचताच सही केली. "अहो, शेवटचं पान तरी बघा," मी म्हटलं. लगेच सासूबाई म्हणाल्या, "शुभकार्यात कसली गं शंका काढतेस!" मी गप्प बसले.

सीमांतपूजनाच्या रात्री नीट न बांधलेली कमान कोसळली आणि ह्यांच्या मावशींचा पाय मोडला. दवाखान्याच्या खर्चाचं विचारताच मॅनेजरांनी शेवटच्या पानावरच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं : 'कोणत्याही अपघातास आम्ही जबाबदार नाही.'

शेजारच्या वकीलबाई म्हणाल्या, "नुसती ओळ छापून हलगर्जीपणाची जबाबदारी टळतेच असं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराविरुद्धही दाद मागता येते. फक्त दोन वर्षांच्या आत तक्रार करा." पावत्या, फोटो जोडून नोटीस धाडली, तेव्हा कुठे निम्मा खर्च पदरात पडला. मावशी मात्र अजून काठी घेऊन चालतात.

यंदा धाकट्या भावजींच्या लग्नात सासूबाईंनीच करार माझ्या हाती दिला. त्या ओळीपुढे मी लिहून घेतलं : 'आमच्या माणसांची चूक असल्यास हे लागू नाही.' कुरकुरत का होईना, त्यांनी सही केली.

शाळेत मी मुलांना रोज बजावते, आधी प्रश्नपत्रिका पूर्ण वाचा. मैत्रिणींनो, घरी मात्र हा धडा गिरवायला मला मावशींचा पाय मोडावा लागला!