दोन पीएचपी आणि मामांची वही

तर झालं असं. दिवाळीला चारठाण्याला गेलो होतो. परभणी जिल्ह्यातलं, जुन्या दगडी देवळांचं गाव. मामांचं तिथे खत-बियाणांचं दुकान आहे. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी त्यांना उधारीसाठी एक वेब अ‍ॅप्लिकेशन करून दिलं होतं, पीएचपी ७.४ वर. जमा रकमेचा रकाना आकडा न ठेवता मजकूर ठेवला होता. हसू नका.

यंदा बिलांसाठी लारावेल ११ मध्ये नवीन अ‍ॅप्लिकेशन केलं. त्याला किमान पीएचपी ८.२ लागतं. म्हटलं, चालतंय ते मोडायला नको. एकाच मशीनवर दोन पीएचपी-एफपीएम चालू केले, दोघांची सॉकेट वेगळी. कुठली साइट कुठल्या सॉकेटला द्यायची, ते एनजिनएक्स बघतो. ७.४ ला सुरक्षेचे अपडेट २८ नोव्हेंबर २०२२ पासून बंद, म्हणून जुनं अ‍ॅप्लिकेशन फक्त दुकानातल्या नेटवर्कपुरतं ठेवलं. दोन्ही मस्त चालली. मी खूश!

चौथ्या दिवशी मामांनी वही पुढे केली. (कम्प्युटर आला तरी वही सुटलेली नाही.)

"वहीत उधारी हाय, तुझ्या यादीत नाही. चालू होतं ते कशाला मोडायलास बाबा?"

अकरा खाती गायब. आणि एरर? एकही नाही.

दोन तास गेले तेव्हा सापडलं. साइट ७.४ वरच होती. पण उधारीची यादी रात्री क्रॉन बनवतो आणि त्याच्या ओळीत नुसतंच 'पीएचपी' लिहिलेलं. नवीन व्हर्जन टाकल्यावर त्या नावाचा अर्थ ८.२ झाला! माझ्या कोडमध्ये 'जमा बरोबर शून्य' अशी तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी केलेली. रिकामा मजकूर आणि शून्य ७.४ पर्यंत समान मानले जायचे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ८.० पासून नाहीत. ज्यांच्या रकान्यात '०' लिहिलं होतं ते यादीत राहिले, ज्यांचा रिकामा होता ते गळाले. फंक्शनच नाहीसं झालं असतं तर प्रोग्रॅम ओरडला तरी असता.

सोयाबीन विकून लोक पैसे द्यायला येतात ते याच दिवसांत. वही नसती तर मामांचं नुकसान नक्की होतं.

क्रॉनच्या ओळीत व्हर्जनसकट पूर्ण नाव लिहिलं, अकराही नावं परत आली. ती तुलना मात्र अजून तशीच आहे. आधी वहीशी एकेक खातं ताडून रिकाम्या जागी शून्य भरायचंय. पुढच्या शनिवारी बसणार आहे. मामा म्हणाले, "तू वाच, मी वही धरतो."