मासा येण्याआधी

टाकी भरून आज तिसरा दिवस. छत्तीस-अठरा-अठरा इंचांची, १० मिलिमीटर काचेची. खडक आणि वाळूची जागा सोडली तर दीडशे लिटर पाणी. त्यात साडेपाच किलो समुद्री मीठ विरघळलंय. तापमान २६ अंश. आत एकही मासा नाही आणि पुढचा महिना-दीड महिना येणारही नाही. शेजारचा मुलगा बराच वेळ काचेला नाक लावून उभा होता. म्हणाला, "काका, मग लाइट कोणासाठी लावलाय?" लगेच बंद केला. खरंच, सध्या जे जिवाणू वाढवायचेत त्यांना उजेड मानवत नाही.

*

रसायनांच्या दुकानातून अमोनियम क्लोराइडची बाटली आणली. म्हणजे नवसागर. लहानपणी खेडला दारात कल्हईवाला बसायचा, तापलेल्या पातेल्यावर याची पूड टाकायचा आणि भसकन पांढरा धूर उठायचा. कल्हईचा नवसागर मात्र टाकीत घालू नये, त्यात दुसऱ्या धातूंचे अंश असू शकतात. शुद्ध हवा.

लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया व्हायला दीडशे लिटरला जेमतेम एक ग्रॅम पुरतो. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा धाकट्या लेकीने टेबलावर मांडला. मासे जे करणार ते आम्ही चमच्याने करतोय: पाणी घाण करणं. त्या घाणीवर जगणारे जिवाणू आधी यावेत, मग मासे.

हिंदीत नौसादर, फारसीत नौशादर. मराठीने त्यात सागर ऐकला. टाकीशेजारी ती बाटली ठेवताना हा शब्द मला फार आवडला.

*

सहा वर्षांपूर्वी ही टाकी मी एकदा केली होती. दुकानदाराने भरल्या दिवशीच दोन निळे डॅमसेल दिले. "हे टेस्टिंगचे मासे, चिवट असतात. मेले तर पाणी तयार नाही असं समजा." मी समजलो. पाचव्या दिवशी दोघंही वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, त्यांचे कल्ले लालभडक झाले होते. नवव्या दिवशी दुसरा गेला.

तेव्हा मला अमोनियाचं गणित ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माझं कामच ते आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. त्यातलं एक तुलनेने निरुपद्रवी, दुसरं थेट कल्ल्यांतून रक्तात शिरतं. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात विषारी रूप शंभरात जेमतेम अर्धा भाग असतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, तिथे ते शंभरात पाच-सात भागांवर जातं. म्हणजे तेवढ्याच घाणीत खाऱ्या पाण्यातला मासा दहापटीहून जास्त भाजतो. ज्याने हे वाचलंय त्याने "टेस्टिंगचा मासा" हा शब्द पुन्हा तोंडात आणू नये.

*

चाकणच्या कारखान्यात सांडपाण्याचा प्लांट सांभाळतो. चौदा वर्षं झाली. तिथेही पहिल्या दिवशी टाकीत नुसतं पाणी असतं. ब्लोअर सुरू करायचा, दुसऱ्या प्लांटमधला गाळ टँकरने आणून ओतायचा. गाळ मिळाला नाही तर शेण कालवायचं. वर गूळ, युरिया, थोडं डीएपी. नवीन इंजिनिअर पोरं शेणाची पाटी बघून चमकतात. मग रोज सकाळी एक लिटरच्या मोजपात्रात ते पाणी भरून अर्धा तास स्थिर ठेवायचं आणि तळाशी किती गाळ बसला ते बघायचं. पहिला आठवडा काहीच बसत नाही. वरून फोन येतात: प्लांट चालू झाला का? ब्लोअरवरचे मामा शांतपणे म्हणतात, "चालू हाय. अजून लागला नाय."

*

"लागणं" हा शब्द आईचाही. रात्री दुधात विरजण घातलं की पातेल्याला हात लावायची बंदी. "हलवू नको रे, लागू दे." घरातलं विरजण संपलं तर शेजारून वाटीभर आणायची.

निगडीतल्या एका मित्राची खाऱ्या पाण्याची टाकी सात वर्षं जुनी आहे. त्याच्याकडून ओंजळभर ओली वाळू आणि फिल्टरमधल्या दोन चिनी मातीच्या कड्या आणल्या, त्याच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, डब्यात, मांडीवर धरून. वाटीभर विरजणच ते. धाकटी म्हणाली, "बाबा, तुमच्या प्लांटमधला गाळ आणला असता की फुकट!" तो चालत नाही. गोड्या पाण्यातले जिवाणू एकदम इतक्या मिठात पडले की बरेचसे मरतात किंवा गळाठतात, आणि त्या गाळाबरोबर घरात काय काय येईल ते वेगळंच.

*

१८७७. पॅरिस. श्लोझिंग आणि म्युन्त्झ या दोन संशोधकांनी मीटरभर लांबीची काचेची नळी घेतली, त्यात वाळू आणि खडूची भुकटी भरली आणि वरून शहराचं सांडपाणी थेंबथेंब सोडलं. खाली येणाऱ्या पाण्यात अमोनिया जसाच्या तसा. वीस दिवस काहीही नाही. त्यानंतर नायट्रेट दिसू लागलं, आणि वाढत गेलं.

हा बदल निव्वळ रासायनिक असता तर पहिल्या दिवसापासून व्हायला हवा होता. वीस दिवस कोण थांबलं होतं? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, नायट्रेट बंद. क्लोरोफॉर्म काढून घेतला तरी काम सुरू होईना. मग थोडी माती पाण्यात कालवून ते पाणी वरून ओतलं, आणि काही दिवसांनी नळी पुन्हा चालू झाली. म्हणजे विरजण! ते जिवाणू वेगळे काढून वाढवायला पुढे १८९० उजाडलं. ते विनोग्राद्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने केलं. पण मला जवळची वाटते ती नळी. खडू, वाळू, घाण पाणी आणि वाट बघणं. माझ्या बैठकीच्या खोलीत याहून वेगळं काय आहे?

*

बारावा दिवस. अमोनियाची चाचणी हिरवीवरून पिवळसर झाली. नायट्राइटची गडद जांभळी. म्हणजे पहिली पाळी कामावर आली; अमोनिया खाऊन नायट्राइट टाकते आहे. ते नायट्राइट उचलणारी दुसरी पाळी अजून गेटवरच.

नायट्रेटची बाटली आत्ता उघडण्यात अर्थ नाही. पाण्यात नायट्राइट असलं की ती चाचणी फुगीर आकडा दाखवते.

*

नळाचं पाणी एक दिवसाआड. पवना धरणातून नदीत सोडलेलं, रावेतला उचललेलं, निगडीला सेक्टर २३ मध्ये शुद्ध केलेलं. नोव्हेंबर २०१९ पासून हे असंच चालू आहे. आमच्या पिण्यासाठी त्यात क्लोरीन घालतात तेच या जिवाणूंचं मरण, म्हणून टाकीला फक्त आरओमधून काढलेलं पाणी. आरओ जेवढं देतो त्याहून जास्त फेकतो. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात ते मोरीत सोडणं मला जमत नाही. दोन पिंपं भरून ठेवली आहेत. फरशी, गाडी, बाथरूम त्यावर होतं. ज्याला ही सोय करता येणार नाही त्याने खाऱ्या टाकीच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

*

मामांनी विचारलं, खडक एवढा महाग कशाला घेतला, मोशीच्या खाणीतून पाटीभर आणून दिला असता. आपला काळा दगड ज्वालामुखीचा. घट्ट, आणि पीएच सावरायला त्याचा काही उपयोग नाही. टाकीला चुन्याचा, सच्छिद्र खडक हवा.

पण याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पुण्याच्या आसपास झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात, आणि झिओलाइट अमोनिया धरून ठेवतो. गोड्या पाण्याच्या टाकीवाले तो पिशवीत भरून वापरतात. मग इथे का नाही? कारण समुद्राच्या पाण्यात सोडियमची एवढी गर्दी असते की झिओलाइटमधल्या सगळ्या जागा तोच बळकावतो. अमोनियाला उभं राहायलाही जागा मिळत नाही. आपल्या पायाखालचा दगड इतका कामाचा, आणि मिठाने त्याला निकामी करावं, याची थोडी हळहळ वाटली.

परदेशातले शौकीन "जिवंत खडक" घेतात: प्रवाळाचे जुने तुकडे, जिवाणूंसकट. आपल्याकडे २००१ पासून कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रात ते आहेत आणि तिथेच राहावेत. माझा खडक कारखान्यात बनवलेला, कोरडा ठणठणीत. म्हणून आठवडे जास्त लागतात. लागू देत.

*

गुरुवार. औद्योगिक पट्ट्याची सुट्टी, आणि देखभालीसाठी वीज बंद. सकाळी दहा ते तीन. प्लांटवर जनरेटर आहे, घरी नाही. मासळी-बाजारात जिवंत मासे नेणारे वापरतात तसला बॅटरीचा हवापंप लावून बसलो.

एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन लागतो. नेमका ४.५७. हा आकडा प्लांटच्या भिंतीवर खडूने लिहिलेला आहे. त्याच्याच खाली ७.१४: तेवढे ग्रॅम क्षारीयता खर्च होते. म्हणून प्लांटमध्ये पीएच घसरला की चुना किंवा सोडा घालतो. घरच्या टाकीत दर आठवड्याला ती मोजतो आणि लागेल तसा खायचा सोडा. आकडे तेच, फक्त घनमीटरचे लिटर झाले.

*

आळंदीला गेलो होतो. इंद्रायणीवर फेस. घाटावरच्या बाई तो हाताने बाजूला सारून तांब्या भरत होत्या.

फेस डोळ्यांना दिसतो म्हणून त्याचे फोटो निघतात. फेसाखाली जो अमोनिया वाहतो तो दिसत नाही. नदीलाही तेच जिवाणू असतात. दगडांवर, काठच्या वाळूत. त्या पाण्यातला अमोनिया पचवू बघतात आणि त्यासाठी पाण्यातलाच ऑक्सिजन घेतात, ४.५७ च्याच हिशेबाने. घाण एकदम जास्त आली की मासे गुदमरतात, आणि जे नायट्रेट उरतं त्यावर जलपर्णी माजते. घरी दीडशे लिटरसाठी मी पाच तास बॅटरी धरून बसतो. ही नदी गावांची, कारखान्यांची, देहू-आळंदीची आहे. तिच्यासाठी ब्लोअर कोण लावणार? आपापल्या प्लांटचा ब्लोअर रात्रीसुद्धा बंद न करणं एवढं तरी आम्हा प्लांटवाल्यांच्या हातात आहे. रात्रपाळीला मी आता अचानक चक्कर टाकतो.

*

चोविसावा दिवस. वाळूवर, काचेवर तपकिरी साय. घरच्यांना वाटलं टाकी बिघडली. डायटम आहेत, एक प्रकारचं सूक्ष्म शैवाल; नव्या वाळूतल्या सिलिकावर वाढतात आणि ती संपली की जातात. लाइट बंदच ठेवलाय, पण खिडकीचा उजेड त्यांना पुरतो. पुसू नका असं घरात सांगितलं आहे.

नायट्राइट अजून जांभळंच. समुद्री माशांना ते गोड्या पाण्यातल्या माशांइतकं बाधत नाही, पाण्यातलं क्लोराइड त्याला कल्ल्यापाशी अडवतं. त्यामुळे काही जण या टप्प्यावर मासा सोडतात. मी नाही सोडणार.

*

१९१४, मँचेस्टर. आर्डर्न आणि लॉकेट हे दोन संशोधक सांडपाण्यात हवा सोडत बसले. पहिल्या खेपेला सगळा अमोनिया संपायला सुमारे पाच आठवडे लागले. तळाशी बसलेला गाळ त्याआधीचे लोक फेकून देत. त्यांनी तो ठेवला आणि नवं सांडपाणी त्याच्यावर घेतलं. असं करत करत पाच आठवड्यांचं काम चोवीस तासांत होऊ लागलं. चाकणचा माझा प्लांट त्या न फेकलेल्या गाळावर उभा आहे.

*

२००५ साली समुद्रातला अमोनिया खाणारा एक अगदी वेगळाच सूक्ष्मजीव शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा वेगळा वाढवला. जिवाणूंच्या कुळातला नाही, आर्किया. समुद्रात हे जीव प्रचंड संख्येने आहेत, आणि हा सापडला कुठे, तर सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीच्या खड्यांमध्ये. धाकटीला सांगितलं. तेव्हापासून ती आपल्या टाकीकडे जरा जपून बघते.

*

एकतिसावा दिवस: नायट्राइट फिकट. तेहतिसावा: आकाशी. कधी उतरलं कळलंही नाही.

*

अडतिसावा दिवस. काल रात्री नऊला एक ग्रॅम नवसागर घातला. आज रात्री नऊला अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. दोनदा मोजलं. नायट्रेट तेवढं लालभडक, म्हणून उद्या निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं. पिंपात मीठ कालवून पंप लावून ठेवलाय. मासे क्लाउनफिश, जोडी, टाकीतच जन्मलेली. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातसुद्धा त्यांची पैदास झाली आहे. आता ते समुद्रातून पकडून आणायचं काहीच कारण उरलं नाही.

मासे रविवारी येणार. मध्ये तीन दिवस आहेत आणि तेवढे दिवस खडकावरच्यांना उपाशी ठेवायचं नाही. धाकटीने काटा शून्यावर आणला, कागदाच्या घडीवर अर्धा ग्रॅम तोलला आणि पंपाच्या धारेत हळूहळू सोडला.