रुसलेली मोटार

रंगावली नदीच्या काठचे नवापूर हे महाराष्ट्राच्या वेशीवरचे गाव. येथील रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात, तर अर्धे गुजरातेत आहे. सुरतेहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ताही येथूनच जातो. वाहनांची वर्दळ एवढी मोठी, की ती दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना उसंत कोठून मिळणार?

समजा, श्रावणातील एका ओल्या पहाटे भाजीने भरलेला टेम्पो सुरतेच्या बाजारासाठी सज्ज आहे. चालकाने चावी फिरविली. पण ‘टक्’ असा एक आवाज झाला आणि सारे शांत! उशीर झाला, तर भाजी कवडीमोल होणार. “बॅटरी गेली!” असा निवाडा जमलेली मंडळी देऊन टाकतात. नवी बॅटरी म्हणजे हजारो रुपयांचा खर्च. नाडी न पाहताच औषध देणारे असले वैद्य गावोगावी भेटतात.

मिस्त्री मात्र घाई करीत नाही. “भाऊ, आधी दिवे लाव आणि मग चावी फिरव,” एवढेच तो सांगतो. इंजिन जोमाने फिरूनही सुरू झाले नसते, तर बॅटरी निर्दोष ठरली असती. मग दोष इंधनात किंवा अन्यत्र शोधावा लागला असता. दिवे लख्ख राहून आवाजच झाला नसता, तर चावीचा स्विच आणि त्याच्या तारा तपासाव्या लागल्या असत्या. येथे दिवे प्रथम चांगले उजळले आणि चावी फिरविताच मालवले. म्हणजे बहुधा बॅटरी दुबळी आहे, किंवा तिची वीज वाटेतच अडते आहे.

बॅटरीत सहा घरे असतात. प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट देते. म्हणून भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. मिस्त्री मापकाची टोके बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर टेकवितो. चावी फिरविली तरी आकडा १२ च्या वरच राहतो. बॅटरी ठणठणीत आहे! मात्र तेच टोक खुंटीवरून तारेच्या पकडीवर सरकविताच आकडा कोसळतो. खुंटी आणि पकड यांच्यामध्ये पांढरी-हिरवट भुकटी साचलेली असते. आम्लाच्या वाफेने धातूवर चढलेला हा थर.

एवढीशी भुकटी टेम्पो कसा अडविते? तिचा अडथळा ओहमच्या विसाव्या भागाइतका धरा. एका दिव्याला सुमारे ५ अँपिअर पुरतात. तेवढ्यासाठी जेमतेम पाव व्होल्ट खर्ची पडतो. स्टार्टरला १०० अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. १०० अँपिअर त्या भुकटीतून न्यायचे, तर ५ व्होल्ट तेथेच संपतात! अरुंद दारातून एकटा मनुष्य सहज जातो, पण वरात अडते, तसेच हे.

मिस्त्री प्रथम ऋण टोकाची पकड सोडतो, मग धन टोकाची. कारण गाडीचा सांगाडा बहुधा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक सोडताना पाना सांगाड्याला लागला, तर मोठी ठिणगी उडेल. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने पेट घेतो. म्हणूनच जवळ विडी ओढणाऱ्यालाही तो दूर पिटाळतो. खाण्याच्या सोड्याचे कोमट पाणी, थोडे घासणे, आणि शिसे पुन्हा चकाकू लागते. जोडताना मात्र ऋण टोक शेवटी.

पूर्वी मोटारी लोखंडी हँडल फिरवून सुरू करीत. इंजिनाने उलट हिसका दिला, की मनगटे मोडत. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला, आणि हा धोका ओसरू लागला.

टेम्पो पहिल्याच फेऱ्यात घरघरतो. चालक निघू पाहतो, तोच मिस्त्री हात वर करतो. इंजिन चालू असताना बॅटरी भरली जाते की नाही, हे त्याला पाहायचे असते. मापकाचा काटा १४ व्होल्टवर स्थिरावतो. मग तो बाजूला होतो, आणि टेम्पो गुजरातच्या दिशेने निघतो.